घटातलं अंडं

आमच्या घरात आजवर एकच अंडं आलं, आणि ते मी आणलं.

खायला नव्हे! (हे आधीच सांगून टाकते, कारण मागच्या नवरात्रापासून लोक माझं अर्धंच ऐकतात आणि उरलेलं आपल्या मनानं लावतात.) मी जन्मात अंडं खाल्लेलं नाही. माहेर माळकरी, सासर त्याहून माळकरी. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि टीव्हीवर अंड्याची जाहिरात लागली की त्या पदर नाकाला लावतात. टीव्हीचा वास येत नाही हे मी एकदा सांगून पाहिलं. "तुला येत नसंल," म्हणाल्या. तर अशा घरात मी अंडं आणलं ते विज्ञानासाठी, आणि त्याचं मला काय फळ मिळालं ते आता ऐका.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. एम.एस्सी. केलं सूक्ष्मजीवशास्त्रात, आणि पंचवीस वर्षं नववीच्या पोरांना पचनसंस्थेची आकृती काढून देते आहे. आमच्या कॉलेजात सरांच्या खिडकीत एक उंच काचेची बरणी असायची. तिच्यात तळ्यातला गाळ. त्या गाळाला महिनोन् महिने ऊन मिळालं की त्यात आपोआप रंगांचे थर उभे राहतात. तळाला काळा, त्यावर हिरवा, मग जांभळा, मग तांबूस, वर पाण्यात पुन्हा हिरवा. प्रत्येक थरात वेगळे सूक्ष्मजीव. ज्यांना हवा सोसत नाही ते खाली, ज्यांना हवेशिवाय चालत नाही ते वर. सगळे एका बरणीत राहतात आणि कुणी कुणाच्या वाटेला जात नाही. (आमच्या सोसायटीला हे अजून जमलेलं नाही.) त्या बरणीला हात लावायची आम्हांला परवानगी नव्हती. तेव्हापासून माझ्या मनात होतं, की आपली स्वतःची एक बरणी असावी. बाकीच्या बायका पैठणी मागतात, मी चिखल मागितला, तर त्यात कुणाचं काय बिघडलं?

गाळ आणला पिशोरहून. पिशोर माझं सासर. आषाढात गेलो होतो, तेव्हा गावतळ्याच्या काठावरून मी खुरप्यानं पिशवीभर गाळ काढला. माझ्या थोरल्या जाऊबाई कमरेवर हात ठेवून बघत उभ्या होत्या.

"शहरातली लोकं येऊन तूप नेतात, तूरडाळ नेतात. तू चिखल नेतीस व्हय गं अलका?"

"प्रयोग आहे ताई."

"कर बाई कर. पगार चालू असला की माणसाला काहीही सुचतं."

गाळात कागदाचे कपटे घालायचे, खडूची पूड घालायची आणि गंधकासाठी अंड्यातला पिवळा बलक घालायचा. गंधक दुसऱ्या कशातूनही मिळालं असतं, हे मी मान्य करते. पण सरांनी अंडं घातलं होतं, म्हणून मलाही अंडंच घालायचं होतं! सिडकोत घराजवळ घ्यावं तर ओळखीचं कुणीतरी बघणार, म्हणून स्कूटर काढून थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला छावणीत गेले. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल.

"एक अंडं द्या."

"एकच?" दुकानदार चाचा म्हणाले.

"एकच."

त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आवाज एकदम मायेचा झाला. "नजर उतारने का है क्या, बेटा?"

मी "हो" म्हटलं! काय करणार? थांबून त्यांना गंधकाचं चक्र समजावू? सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली मी, दृष्ट काढायला अंडं न्यायला आलेय असं भर बाजारात कबूल करून, ते रुमालात गुंडाळून घरी आले. सासूबाई गुडघे शेकायला दवाखान्यात गेल्या होत्या. तेवढ्यात सगळं कालवलं, उंच बरणीत भरलं, वर पाणी ओतलं, झाकण लावलं, गॅलरीत उन्हाला ठेवलं, आणि टरफल पाच पिशव्यांत घालून चौकातल्या कचऱ्याच्या गाडीत नेऊन टाकलं.

त्यानंतरचे दहा आठवडे मी घरात जे ऐकलं ते लिहून ठेवायला हवं होतं. आमचे यजमान सुधाकरराव रोज फुलंब्रीला नोकरीला जातात. ते जाता-येता म्हणायचे, "काय म्हणतीय तुमची गटार?" समोरच्या सोनवणेबाईंनी गॅलरीतून पाहून विचारलं, "लोणचं नासलं का हो मॅडम?" आणि सासूबाई बरणीला नावानं हाकच मारत नसत. 'ती घाण'. "ती घाण जरा सरकव, कपडे वाळत घालायचेत." माझ्या बरणीत तळाशी काळा थर धरला, बाजूनं हिरवा उमटला, आणि घरात एकालाही त्याचं काही नाही! दहाव्या आठवड्यात एका सकाळी जांभळा थर दिसला. बोटभर जाडीचा, अस्सल जांभळा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, जांभळा थर आला! या ना लवकर!"

सुधाकरराव टॉवेल गुंडाळून आले, बघितलं आणि म्हणाले, "बरं. मग आता टाकून द्यायचं का?"

मी त्या दिवशी त्यांना डबा दिला नाही.

आता नवरात्र. हे नीट सांगायला हवं. सासूबाईंनी चाळीस वर्षं पिशोरला घट बसवला. गेल्या वर्षी गुडघ्यांसाठी त्या आमच्याकडं राहायला आल्या, आणि यंदा म्हणाल्या, "माझा घट मी इथंच बसवणार." तिकडं जाऊबाईंनी आपला वेगळा घट मांडायचं ठरवलं आणि फोनवर एवढंच बोलल्या, "बसवा की आत्याबाई. पण सिमेंटच्या घरात काय उगवतंय?" झालं! त्या दिवसापासून सासूबाईंना झोप नव्हती. घटाखालच्या मातीत धान्य पेरायचं, नऊ दिवसांत ते जेवढं तरारून येतं तेवढं घराचं वर्ष चांगलं, असं त्या मानतात. आणि आता तर प्रश्न फक्त वर्षाचा नव्हता. चाळीस वर्षांचा हात अजून चालतो की नाही, याचा निकाल लागायचा होता.

शेतातली काळी माती दीर एसटीनं पाठवणार होते. घटस्थापनेच्या दिवशी माती आलीच नाही. (दीर विसरले. जाऊबाई म्हणतात त्या विसरल्या नाहीत, त्यांना कुणी सांगितलंच नाही. हा वाद स्वतंत्र आहे.) मी शाळेत. मुहूर्त टळत चाललेला. आणि सासूबाईंच्या मनात आलं, अगं, पिशोरची माती तर गॅलरीतच आहे!

दुपारी घरी आले. गॅलरीत बरणी नाही. स्वयंपाकघरात पाहते तर ओट्यावर पालथी, लख्ख घासलेली!

"आई! माझी बरणी?"

"घासून ठेवली बाई. आज नळाला पाणी आलं होतं ना, म्हटलं आठ दिवसांनी आलंय, धुऊनच टाकावी. किती दिवसांचं ते साचलेलं."

"आणि आतलं?"

सासूबाईंनी अभिमानानं देवघराकडं बोट दाखवलं.

परातीत पत्रावळ, पत्रावळीवर माझे दहा आठवडे. काळा, हिरवा, जांभळा, सगळे थर हातानं छान एकजीव केलेले! त्यात सात धान्यं पेरलेली, मधे मातीचा घट, नागवेलीची पानं, नारळ, वर पहिली माळ, शेजारी अखंड दिवा. 'ती घाण' म्हणायचं, आणि गरज पडली की न विचारता देवापुढं मांडायचं! ही कुठली पद्धत? बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "वरचं हिरवं पाणी तुळशीला घातलं. वाया कशाला घालवायचं?"

आणि मला अंडं आठवलं.

माळकरी बाईच्या घटात अंडं. तुळशीला अंड्याचं पाणी. आणि घट एकदा बसला की नऊ दिवस तसूभर हलवायचा नाही!

संध्याकाळी मी सुधाकररावांना गॅलरीत ओढलं आणि सगळं सांगितलं.

"अंडं?" ते किंचाळले आणि मग कुजबुजले, "अंडं? माझ्या आईच्या घटात?"

"मी घटात नव्हतं घातलं! मी बरणीत घातलं होतं!"

"पण घरात आणलंसच कसं? माणसानं असलं काही करायचं तर बाहेर करावं. आम्ही नाही फुलंब्रीला..." आणि ते दोरीवरचे कपडे काढायला लागले.

"फुलंब्रीला काय?"

"काही नाही. आईला सांगायचं नाही. कळलं तर ती परातीसकट गोदावरी गाठेल."

म्हणजे आता गुन्हेगार मी! ज्यांनी माझी बरणी फोडल्यासारखी रिकामी केली, त्या सासूबाई देवासमोर बसून माळा ओवणार, जे फुलंब्रीत काय करतात देव जाणे ते मला उपदेश करणार, आणि मी जीव मुठीत धरून नऊ दिवस आरतीला उभी राहणार!

दुसऱ्या माळेला वास सुटला. हवाबंद गाळ उघडला की त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, अंडं नसतं तरी येतो. इथं तर होतंच. सासूबाईंनी सुधाकररावांना देवघरामागचा मेलेला उंदीर शोधायला लावलं. त्यांनी कपाट ओढलं, उंदीर नाही. गॅसची नळी तपासली, बाथरूमची जाळी धुतली. मी धूप लावला, ऊद लावला, कापूर जाळला. घरात एवढा धूर झाला की सोनवणेबाई बादली घेऊन धावत आल्या. आल्याच आहेत म्हणून हळदीकुंकू लावलं, तर त्या नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, "वास कसला येतोय हो आजी?"

"मातीचा," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. "पिशोरच्या मातीचा. तुम्ही फ्लॅटमधी राहून मातीचा वास विसरलात."

सोनवणेबाईंनी घाबरून रुमाल काढला आणि मनापासून श्वास घेतला. बिचाऱ्या पुढं दोन दिवस दिसल्या नाहीत.

तिसरी माळ झाली, चौथी झाली. घटात एक कोंब नाही! आणि रोज सकाळी पिशोरहून व्हिडिओ कॉल. "आमचा तर दुसऱ्याच माळेला वर आला, आत्याबाई. हे बघा. तुमचा दाखवा की." सासूबाई फोन दिव्याकडं वळवायच्या, नारळाकडं वळवायच्या, माळेकडं वळवायच्या. मातीकडं वळवायच्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी भगरीचं ताट तसंच सरकवून दिलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "अलका, माझ्या हातात काही राह्यलं नाय का गं?"

मला मनापासून वाईट वाटलं. हात त्यांचा चांगलाच होता, बाधा माझ्या गाळाची होती. असल्या काळ्या गाळात बियांना श्वासच घेता येत नाही. त्यांना सांगावं तर अंडं सांगावं लागतं, न सांगावं तर बाई उपाशी राहून झुरते. शेवटी मी ठरवलं, मातीला हवा द्यायची. सासूबाई आंघोळीला गेल्या की मी एक अगरबत्ती घ्यायची आणि तिच्या काडीनं, घटाला अजिबात धक्का न लावता, मातीला भोकं पाडत बसायची. एक दिवस जमलं. दुसऱ्या दिवशी मी परातीवर ओणवी, हातात काडी, आणि मागून आवाज आला.

"घटाला हात लावलास?"

"नाही आई! राख... राख झटकत होते."

"अगरबत्ती पेटवली नाय तर राख कसली?"

मी हातातल्या कोऱ्या अगरबत्तीकडं पाहिलं. पंचवीस वर्षं कॉपी करणाऱ्या पोरांना मी ज्या नजरेनं बघते, त्या नजरेनं सासूबाई माझ्याकडं बघत होत्या. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून खाली गेली. "अगंबाई!" त्या एवढंच म्हणाल्या.

कोंब! एक, दोन, मग मोजता येईनात एवढे. संध्याकाळपर्यंत परात पोपटी दिसायला लागली. वास कधीच गेला होता. आणि मग त्या गाळानं जो हिसका दाखवला! सातव्या माळेला चार बोटं, आठव्याला वीतभर, नवव्याला घट दिसेना! आख्खी सोसायटी बघायला लोटली. सासूबाई नवी साडी नेसून, गुडघे विसरून, पाटावर बसून एकेकीला आशीर्वाद देत होत्या. मी एका कोपऱ्यात चहाचे कप भरत होते आणि मनात म्हणत होते, सुटले. आता उद्या दसरा, घट उठेल, माती झाडाला जाईल. अंडं माझ्याबरोबर संपेल. नऊ दिवस जीभ आवरली, आता एकच दिवस उरला.

तेवढ्यात पिशोरचा कॉल आला. सासूबाईंनी या वेळी फोन थेट मातीकडं वळवला. पलीकडं जाऊबाईंनी डोळे फोनजवळ आणले.

"आत्याबाई... हे एवढं कसं आलं?"

"हात लागतो!" सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "आन मातीची पारख लागते. ही आमची अलका हीच माती बरणीत कोंडून बसली होती बघ. दहा आठवडे! नुसती नासवत होती. शाळेत पोरांना शिकवते, पण तिला मातीतलं काय कळतंय? मी सोडवली म्हणून तिचं सोनं झालं."

सगळ्या बायका माझ्याकडं बघून हसल्या. सोनवणेबाई तर फारच मनापासून हसल्या.

नासवत होते? मी? नऊ दिवसांचं मौन, कापूर, भोकं, ते 'काही राह्यलं नाय का गं', सगळं एका क्षणात विसरले! चहाची किटली आदळली आणि मी भर देवघरात भाषण सुरू केलं. "नासवत नव्हते, मुरवत होते! कागद मी घातला! खडू मी घातला! ते जांभळे जीव मी दहा आठवडे उन्हात वाढवले! हात-बित काही नाही आई, त्यात मी अंडं घातलं होतं म्हणून उगवलंय हे!"

दारातून सुधाकरराव आत येत होते, ते तसेच उलटे फिरून जिना उतरून गेले. सोनवणेबाईंनी हातातला प्रसाद हळूच ताटात परत ठेवला. मला वाटलं, आता गोदावरी. आता माळ तुटणार, परात जाणार, मीही जाणार, आणि हे सगळं मी केलं ते कशासाठी, तर एका शाबासकीसाठी!

सासूबाईंनी एकदा घटाकडं पाहिलं. मग त्यांनी पदर सारखा केला.

"मला कुणी सांगितलं होतं का?"

"नाही आई."

"मग मी माती पेरली. अंडं नाय पेरलं. आन देवीला चालतंय गं, तिला बकरं चालतं, तिथं अंड्याचं काय! मला चालत नाय. मी काय ते खाल्लंय व्हय?" मग माझ्याकडं वळल्या. "तुला मात्र ठाऊक होतं. आन नऊ दिवस तू आरतीला टाळ्या वाजवत उभी होतीस!"

मी मान खाली घातली. आणि तेवढ्यात सासूबाईंच्या हातातल्या फोनमधून, पिशोरहून, जाऊबाईंचा अगदी मऊ आवाज आला.

"अलका... अगं, ते अंडं गावरान होतं का बॉयलरचं?"

"बॉयलरचं," मी पुटपुटले.

"एकच?"

"एकच."

"गावरान असतं तर जास्त वाढला असता का गं? आन दोन घातली तर? का अंड्याबिगर नुसत्या गाळातबी आला असता? दोन पराती मांडून बघितलं असतंस तर कळलं नसतं व्हय?"

एम.एस्सी. मी केलं, पंचवीस वर्षं विज्ञान मी शिकवलं, त्या बरणीसाठी भरल्या देवघरात भांडले ती मी. आणि माझ्या आयुष्यातल्या एकुलत्या एका प्रयोगाबद्दल पहिला शास्त्रीय प्रश्न विचारला तो सातवी शिकलेल्या जाऊबाईंनी, आणि त्याचं उत्तर मला येत नव्हतं.